वहिनींचा आकडा

मी सांगतोय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. देवासमोर उभा राहून सांगायला तयार आहे.

आयुष्यभर विनोदी सदर लिहिल्यामुळे माझ्या शपथेला घरात भाव नाही, ते सोडा.

खरं तर अशा गोष्टीला अमावस्येची रात्र लागते. इथे रविवारची दुपार होती. बडोद्यात, नागरवाड्यात, माझ्या चुलतभावाचं घर. सुभाषदादा आणि मी शेवउसळ खाऊन सुस्तावलो होतो.

वसुंधरावहिनींना जाऊन काही महिने झाले होते.

दादा उठून कोपऱ्यातल्या यंत्राशी गेला. त्याची मुलगी इरा तरसालीच्या एका छोट्या कंपनीत ड्रायव्हर लिहिते. म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा. हे यंत्र तिनेच चाचणीसाठी घरी आणलेलं. मनगटी पट्ट्याचा नंबर टाकायचा, की त्या माणसाची नाडी पडद्यावर येते.

एक नंबर दादाचा. दोन नंबर वहिनींचा.

वहिनी गेल्यावर इराने दोन नंबर यंत्रातून काढून टाकला होता.

दादाने दोन दाबला.

पडदा जरासा थांबला... आणि आकडा आला.

बहात्तर.

"दुपारी पडली की बहात्तरच असायची," दादा म्हणाला.

मी वाऱ्यासाठी खिडकी उघडायला गेलो. ती उघडीच होती.

"रोज येतो हा आकडा?"

"रोज. चहात साखर घातली की वाढतो."

दादाला डायबिटीस आहे. तो आत गेला, चहा करून आणला, माझ्यादेखत दोन चमचे साखर घातली.

बहात्तर... ऐंशी...

अठ्ठ्याऐंशी.

"गेली, पण पहारा सुटला नाही," असं म्हणून दादाने कप खाली ठेवला.

मी घाईघाईने एक नंबर दाबला. दादाची नाडी अडुसष्ट होती.

मला हसू यायला हवं होतं. तोच माझा धंदा आहे. आलं नाही.

वहिनी गेल्यावर दादाने जेवण जवळजवळ टाकलं होतं. आता दोन्ही वेळा जेवत होता. त्या पडद्यासमोर ताट घेऊन.

संध्याकाळी इरा आली, तिला जिन्यातच गाठलं.

"काका, ते भूत नाही, माझी चूक आहे," ती म्हणाली. "समजा, इमारत एकमजली आहे. कोणी आला, म्हणाला दुसऱ्या मजल्यावर जायचंय. वॉचमनने सांगायला हवं, असा मजला नाही. माझा वॉचमन म्हणतो, 'जाओ ने साहेब.' मग तो माणूस कुठेतरी पोचतो आणि तिथे पडलं असेल ते उचलून आणतो."

"काय पडलेलं असतं तिथे?"

"जुने आकडे. बाबांचेच असणार. चहा करायला ते उठतात, त्यांचीच नाडी वाढते."

अडुसष्टचं मी तिला सांगितलं नाही.

"मग राहू दे ना, इरा. जेवतोय तो."

"अशी यंत्रं वृद्धाश्रमात जाणार आहेत, काका. तिथे कोणी जमिनीवर पडलं असेल आणि पडदा बहात्तर दाखवेल. चालेल?"



त्याच दिवशी तिने यंत्रात नंबराची तपासणी घातली. दादाने दोन दाबला.

'असा पट्टा नाही.'

"बरं," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. इरा भरवायला बसायची. मी गमतीजमती सांगायचो. दोन्हीचा उपयोग सारखाच होत होता.

मग एका सकाळी दादाचा फोन आला.

"आनंदा, ये. आली."

मी पोचलो तेव्हा इरा यंत्रापाशी उभी होती. चेहऱ्याचा रंग उडालेला. दादा पोहे खात होता.

नंबराच्या जागी शून्य होतं.

खाली... बहात्तर.

"मी वरचे मजले बंद केले," इरा हळूच म्हणाली. "तळघराचं विचारायलाच विसरले. एकाच्या खाली कोण जातं?" मग दादाकडे वळली. "बाबा, शून्य का टाकलंत?"

"माझा एक नंबर ना? ती रोज माझ्या आधी उठायची."



वृद्धाश्रमाच्या यंत्रांत इराने शून्यही बंद केलं. घरचं तसंच ठेवलंय. कंपनीला परत द्यायचंय, उद्या देते म्हणते. मीही विचारत नाही. मला विचारायचं होतं ते वेगळंच.

"पट्टा चुकून चालू राहिला नाही ना?"

तिने कपाटातून वहिनींचा पट्टा काढला, मागचं झाकण उघडून दाखवलं.

आत सेल नव्हता. वहिनी गेल्या त्याच आठवड्यात तिनेच तो काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला घातला होता.

काटा बरोबर चालतो.