हात वर केला की

मी हात वर केला… आणि त्याने हसून मलाच हात हलवून दाखवला!

आमच्या ब्राझीलियात रस्ता ओलांडायचा, तर पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभं राहून हात वर करायचा. गाड्या थांबतात. शिट्टी नको, पोलीस नको. देशात दुसरीकडे कुठे हे करून बघा, जिवाशी गाठ! म्हणून आम्हाला त्याचा अभिमान आहे, आणि मला तर जरा जास्तच.

पण जुलैच्या त्या सकाळी लाल धुळीने माखलेली एक गाडी पट्ट्यांवरून सरळ पुढे गेली. वर त्याने ‘पीं-पीं’ असा लाडिक हॉर्नही दिला. आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. सगळा रस्ता वळून बघायला लागला. गाडी पुढे जाऊन थांबली आणि खिडकीतून कुरळ्या केसांचं एक डोकं बाहेर आलं.

“आपली ओळख आहे का?”

“नाही. पण वीतभर इकडे आला असतात, तर उद्या पेपरात फोटो बघून सगळ्यांनी मला ओळखलं असतं!”

“मग हात का केलात?”

“थांबायला!”

“थांबलोय की.”

“पट्ट्यांच्या अलीकडे थांबायचं असतं!”

“पोरी, माफ कर गं याला,” शेजारच्या सीटवरून त्याची आई, दोना झुल्मिरा, म्हणाली. “आमच्या ओरो प्रेतोत रस्ते इतके चढाचे, की गाडी थांबवली तर मागेच घरंगळते. आठ दिवसांच्या सुट्टीला बहिणीकडे आलोय आणि तासभर गोल गोल फिरतोय. इथे पत्त्यात नुसते आकडे! रस्त्यांना नावं द्यायला संत कमी पडले का?”

मी तिच्या हातातला कागद बघितला. पत्ता माझ्याच इमारतीचा होता, माझ्या खालच्याच मजल्याचा. आता आठ दिवस हे ध्यान जिन्यात भेटणार, असं मनाशी म्हणून मी कपाळावर हात मारला.

भेटलाच. नाव एवांद्रो. जुन्या चर्चमधल्या रंगीत फरशा दुरुस्त करायचं काम करायचा. माझं काम शहरातल्या झाडांची निगा राखायचं. संध्याकाळी मी वसाहतीतल्या झाडांना पाणी घालायला निघाले, की हा बादली घेऊन मागे.

“तुमच्या शहरात एक कोपरा नाही,” तो म्हणायचा. “आमच्याकडे माणसं कोपऱ्यावर उभी राहून प्रेमात पडतात. तुम्ही कुठे पडता?”

“आम्ही पडत नाही. आमचे रस्ते सपाट आहेत.”

“आणि हे शहर तर तुझ्या आजीहूनही वयाने लहान!”

मग मात्र मी बादली खाली ठेवली. “हे शहर ज्यांनी उभं केलं ना, त्यांना माझी आजी जेवू घालायची. पत्र्याच्या शेडमध्ये, दोनशे माणसांचा घेवडा-भात, रोज. तुला तुझं शहर आयतं मिळालंय, एवांद्रो. आम्ही आमचं बांधलंय!”

आमच्या इमारतीच्या खांबावर त्याने तळवा टेकवला आणि तसाच उभा राहिला. “एवढं मात्र खरं, तायनारा,” तो हळूच म्हणाला. माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं… मला काय झालं कोण जाणे, मी एकाच झाडाला दोनदा पाणी घातलं.

जुलै म्हणजे आमच्याकडे हिवाळा, आणि हवा इतकी कोरडी, की ओठ उलतात. पाचव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं. मी रुमाल भिजवून त्याच्या नाकावर धरला. समोर जांभळी फुलं लगडलेलं झाड, मागे तांबडं झालेलं आभाळ, आणि हा रुमालाआडून माझ्याकडे टक लावून बघतोय.

“वर बघ,” मी दटावलं.

“वरच बघतोय.”

“खोटारडा!”

शेवटच्या संध्याकाळी तो झाडाखाली घुटमळत राहिला.

“इथल्या निळ्या फरशांच्या भिंती दुरुस्त करायचं काम मिळतंय… वर्षभराचं. सोमवारी कळवायचंय.”

“मग?”

“कुणी थांब म्हटलं, तर थांबेन.”

माझ्या जिभेवर आलं होतं ते. पण मी कुणाला ‘थांब’ म्हणणारी नव्हे! “आमच्याकडे लोक आपणहून थांबतात,” मी ताठ मानेने म्हणाले. तो मान खाली घालून जिना चढला.

सकाळी सात वाजता खिडकीतून पाहिलं, तर दोना झुल्मिरा बहिणीच्या गळ्यात पडून रडत होती आणि एवांद्रो बॅगा ठेवत होता. त्याने वर बघितलं नाही. गाडी सुरू झाली तसा माझा ताठा पार गळून पडला. घरच्या चपलांनिशी मी गवत तुडवत मधल्या वाटेने धावले. वसाहतीला वळसा घालून त्यांची गाडी त्याच पट्ट्यांवरून जाणार होती.

आली! मी हात वर केला.

गाडी पट्ट्यांच्या बरोब्बर अलीकडे थांबली. मागे एक, दोन, पाच गाड्या उभ्या राहिल्या. मी मधोमध जाऊन थबकले. कुणीही हॉर्न वाजवला नाही. अशा वेळीसुद्धा मला माझ्या शहराचा अभिमान वाटला.

एवांद्रोने डोकं बाहेर काढलं. “ओलांड की.”

“मला ओलांडायचं नाहीये.”

“मग हात का केलास?”

“थांबायला…”

“थांबलोय. पट्ट्यांच्या अलीकडे.”

“इथे नव्हे रे! माझ्यापाशी. ते काम घे… माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि मी हे पुन्हा सांगणार नाही!”

तो आ वासून बघतच राहिला. तेवढ्यात एक लांबलचक हॉर्न वाजला. कोण हा असभ्य माणूस, म्हणून मी डोळे वटारले. दोना झुल्मिराने वाकून स्टीअरिंगवर तळवा दाबून धरला होता.

“माझ्याकडे काय बघतेस? मी ओरो प्रेतोची आहे, मला चालतं! एवांद्रो, उतर आधी. गाडी मी नेते, तुझ्या जन्माआधीपासून चालवतेय.”

तो उतरला. माझा हात अजून वरच होता. त्याने तो धरला आणि दोघांच्या मध्ये खाली आणला. मागच्या पाचही गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. खुद्द ब्राझीलियात! आणि मला मुळीच राग आला नाही.