मदन महलची पूछताछ खिडकी

मदन महल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर अंजनी दोन्ही हातांनी कान दाबून मटकन खाली बसली. मीही तिच्या शेजारी फरशीवर बसले. भोंग्यावर कुठल्याशा उशिराच्या गाडीची घोषणा सुरू होती. भोवती माणसं जमली.

"क्या हुआ बच्ची को?"

अंजनी अकरा वर्षांची. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आमच्या निवासी शाळेत शिकायची, आणि मी तिची टीचर. तिची आई दर महिन्याला नरसिंहपूरहून भेटायला यायची. पण गाडीच्या धसक्याने अंजनी दोन वर्षांत एकदाही घरी गेली नव्हती. म्हणून तर मी तिला स्टेशन दाखवायला आणलं होतं.

"बस गं बाळा, झालं, झालं..." मी पुटपुटत होते. आणि भोंगा मध्येच थांबला.

पूछताछच्या, म्हणजे चौकशीच्या खोलीतून एक उंचसा तरुण बाहेर आला. आमच्या जवळ नाही आला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, "चलिए भैया, आगे बढ़िए."

अंजनीने हळूहळू हात खाली घेतले. तेव्हा कुठे तो वळला.

"भोंगा तुम्ही बंद केला?" मी विचारलं.

"तीन मिनिटं. त्याच्यापेक्षा जास्त झालं तर साहेब माझाच आवाज बंद करतील."

"अच्छा... मराठी?"

"आजोबा भंडाऱ्याचे. आम्ही इथलेच, चेरीतालचे. मराठी तुटकी आहे माझी, हसू नका जी."

मी हसलेच.

त्याचं नाव प्रशीक. मी शाळेचा पत्ता दिला, आणि पुढच्या रविवारी तो आला, मोबाइलमध्ये स्टेशनचे आवाज भरून. आम्ही ते अगदी बारीक आवाजात अंजनीला ऐकवायचो, दर आठवड्याला थोडा मोठा करून. तो उतावळा होता. तिला एकच गोष्ट चार-चारदा विचारायचा.

"एकदाच विचारायचं," मी शिकवलं. "मग थांबायचं. पुन्हा विचारलं की ती गोंधळते."

"किती थांबायचं?"

"तिला लागेल तेवढं."

"आणि... टीचरला काही विचारायचं असलं तर?"

मी चित्रांची कार्डं लावत बसले. कान मात्र गरम झाले होते.

श्रावणातल्या एका रविवारी अंजनीने त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि आवाज स्वतःच पूर्ण मोठा केला. गाडीची शिट्टी खोलीभर घुमली. तिने कान दाबले नाहीत. प्रशीकने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे... आणि दोघांनाही नजर काढून घेणं जमेना.

दसऱ्याला तीन आठवडे होते, तेव्हा तो एका संध्याकाळी आला. पागोळ्या गळत होत्या. व्हरांड्यात मी त्याला चहा दिला.

"सुमेधाजी, माझी कोट्याला बदली झाली." तो म्हणाला, "माझ्यासोबत याल? लग्न करून, म्हणतो आहे मी."

आणि तो थांबला. मी शिकवलं होतं तसाच.

माझ्या डोळ्यांपुढे मागचं वर्ष आलं. तिच्या आधीच्या टीचर लतिकाताई शाळा सोडून गेल्या, तेव्हा अंजनी आठवडाभर धड जेवली नव्हती. दसऱ्याला तिला घरी न्यायचं ठरलं होतं. एवढं होऊ दे, मग हो म्हणते — असं सांगायचं होतं मला. एवढंच. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"चहा थंड होऊन राहिला."

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. मला वाटलं, रविवारी तो पुन्हा विचारेल. तो बुधवारीच गेला.

दसऱ्याला अंजनी आई आणि माझ्यामध्ये बसून नरसिंहपूरला गेली. खिडकीतून शेतं बघत, गुणगुणत. तिच्या आईचे डोळे सारखे भरून येत होते. परत आल्यावर मी प्रशीकला मेसेज लिहिला, आणि खोडला. पुन्हा लिहिला... पुन्हा खोडला. आता उशिरा काय म्हणेल तो, असं करता करता फाल्गुन आला.

मग एका दुपारी त्याचाच फोन.

"तुम्हाला आधी सांगावं वाटलं. माझं लग्न जमलं. इटारसीची आहे, विनीता."

"अच्छा... अभिनंदन."

"एक विचारू? त्या दिवशी तुमचं नाहीच होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो होतं," मी म्हणाले. "अंजनी घरी जाऊन आली की सांगणार होते."



"मग बोलल्या काहून नाही?"

"वाटलं, तुम्ही थांबाल."

"थांबलो होतो जी. संक्रांतीपर्यंत थांबलो."

त्याने हळूच विचारलं, "अंजनी कशी आहे?"

"छान आहे. दिवाळीतही घरी जाऊन आली."

"चलो... चांगलं झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आत मुलं जेवायला बसली होती. मी वाढायला घेतलं. अंजनी सहसा कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. त्या दिवशी तिने ताटातून मान वर केली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"टीचर रो रही है," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले, आणि तिच्या ताटात भात वाढला.