शूर्पारकच्या युवराजाचे दोन लेखक

"सिंहासन शेवटी हक्काच्या वारसालाच मिळतं," असे एकनाथ तेंडोलकर माइकवरून गंभीरपणे म्हणाले, तेव्हा सभागृहात क्षणभर शांतता पसरली. शांततेचे कारण असे, की त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मस्कतच्या सिंधुसागर मराठी मंडळाचे अध्यक्ष धनंजय खानविलकर बसले होते, आणि ते चौदा वर्षे निवडणूक न होता बसले होते.

मग टाळ्या झाल्या. एकनाथराव आपल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीची घोषणा करत होते. दोन हजार वर्षांपूर्वीचे शूर्पारक बंदर, म्हणजे आपले नालासोपारा. राजा मरतो, काका गादी बळकावतो. सतरा वर्षांच्या युवराजाला त्याची आई गलबतात घालून लोबानाच्या किनाऱ्यावर, दक्षिण ओमानमधल्या आजच्या सलालाहकडे पाठवते. सात वर्षांनी युवराज परत येतो आणि गादी घेतो.

मंडळाचे सचिव शिरीष पोंक्षे यांनी त्या शुक्रवारी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट २०१८च्या फेब्रुवारीतली. पुढच्या बुधवारी सकाळी शिरीष त्या टाळ्या परत कशा घ्याव्यात या विवंचनेत गाडी चालवत होता, कारण शेजारी उर्वी मयेकर बसली होती आणि ती पहाटेच्या विमानाने सलालाहहून आली होती.

उर्वी तेवीस वर्षांची. वडील सलालाहच्या बंदरात, ती तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. विमानतळावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे: "शिरीषकाका, तो प्रिन्स माझा आहे."

अडचण अशी, की पुण्याचे प्रकाशक गुरुवारी दुपारी छपाई सुरू करणार होते. लेखन लेखकाचे स्वतःचे आहे, असे मंडळाचे पत्र त्यांना त्याआधी हवे होते. त्यावर सही शिरीषने करायची होती.

"आपण कुठे चाललोय?" उर्वीने विचारले.

"हुसैनमियाँकडे."

हुसैनमियाँ परकार रत्नागिरीचे. तीस वर्षे ते मस्कतमध्ये अपघात झालेल्या गाड्यांचे विमा-सर्व्हेअर होते. कोणता पोचा अपघाताचा आणि कोणता घरी हातोडीने आणलेला, हे ते दहा पावलांवरून सांगत. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे गाड्यांऐवजी भानगडी आणू लागले.

"बस पोरी. काय गेलं तुझं?"

"प्रिन्स."

"कादंबरी," शिरीषने खुलासा केला.

"चार वर्षं लिहिली," उर्वी म्हणाली. "सहा वह्या, हाताने. माझं बोलायचं मराठी असं आहे, पण मी हळू लिहिते, डिक्शनरी घेऊन. २०१६मध्ये एकनाथकाकांना दिल्या, करेक्ट करायला. मग ते म्हणाले, घर बदलताना वह्या हरवल्या. मी रडले. तेच मला समजावत होते."

"कॉपी? फोटो?"

"काकांना दिलं होतं ना. काकांकडून रिसीट घ्यायची?"

शिरीषने छपाईची प्रत आणली होती. हुसैनमियाँनी मधलेच एक पान उघडले. "इथे युवराज लोबानाच्या झाडाला काप देतो आणि पहिला चीक फेकून देतो. का गं?"

"पहिला खराब असतो. माती, साल, सगळं असतं त्यात. आमची ट्रिप जायची तेव्हा तिथले लोक दाखवायचे. नंतरच्या कापाचा चांगला. बस, तेवढंच."

हुसैनमियाँनी प्रत मिटली. "यल्ला. चला."

उर्वीला मंडळाच्या ऑफिसात सोडून दोघे अल् खुवैरला निघाले. शिरीष सिग्नलगणिक घड्याळ पाहत होता.

"मियाँ, मुलगी गुणी आहे. पण मघाशी मला म्हणाली, 'मला पाणी पाहिजेल आहे.' ही मुलगी शूर्पारकच्या दरबाराचं वर्णन करील?"

"शिरीषभाऊ, मोडकी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला कुठे नीट बोलता यायचं? गाडी मात्र खरीच मोडलेली असायची."

अल् खुवैरमध्ये एक मंत्रालय सापडायला दोन मिनिटे लागतात आणि त्याच्यासमोर गाडी लावायला वीस. एकनाथराव तिथल्या एका सल्लागार कंपनीत सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी चहा मागवला आणि खंत व्यक्त केली.

"पोरीचं मन दुखावलं, मला फार वाईट वाटतं हो. वह्या दिल्या होत्या तिने. शाळकरी काहीतरी होतं, राजा-राणीचं. हरवल्या. पण माझी कादंबरी २०१२ची आहे. तेव्हा ही बाई अकरावीत होती!"

त्यांनी खणातून डायरी काढली. कोकणातल्या एका सहकारी बँकेची, २०१२ची, निळे रेक्झिन, आत रविवार लाल. ओमानमधल्या मराठी घरांत अशा डायऱ्यांची थप्पी असतेच. गावाहून येणारा प्रत्येकजण एक आणतो, आणि त्या टाकवतही नाहीत, वापरवतही नाहीत. ही मात्र भरलेली होती.

हुसैनमियाँनी मोठ्याने वाचले. "शनिवार, ११ फेब्रुवारी. आज सुट्टी. सकाळपासून बैठक मारली, आठवे प्रकरण हातावेगळे. गुरुवार, २३ फेब्रुवारी. दिवसभर साहेबांसोबत ऑफिसात, लेखन नाही. शनिवार, २५ फेब्रुवारी. सुट्टी सार्थकी लागली. युवराज गलबतात बसला."

शिरीषने फोनवर २०१२चे कॅलेंडर उघडून तपासले. वार आणि तारखा चोख जुळत होत्या. मग त्याने शाई उजेडात धरून पाहिली. शाई निळी होती. याहून अधिक त्याला काही कळले नाही. हुसैनमियाँनी डायरी परत घेऊन शेवटच्या पानापर्यंत चाळली.

"त्या वर्षी रजा किती घेतल्यात, एकनाथराव?"

"एक नाही! आम्ही मंत्रालयाला बांधलेले. बावीस वर्षं झाली. मंत्रालय उघडं तर आम्ही उघडे, मंत्रालय बंद तर आम्ही बंद. त्यात २०१२ला प्रकल्प गळ्याशी आलेला. गावालासुद्धा गेलो नाही."

"मग लिहायचात कधी?"

"संध्याकाळी, नाहीतर सुट्टीला. सगळं डायरीत आहे की."

"आणि तो युवराज पहिला चीक का फेकून देतो?"

एकनाथरावांनी डोळे मिटले. या प्रश्नाची वाट ते बहुधा बरेच दिवस पाहत होते. "त्याग! राजा होण्याआधी माणसाने पहिला मोह टाकायचा असतो. अख्खी कादंबरी त्या एका थेंबात आहे."

"वा," हुसैनमियाँ म्हणाले. "सलालाहला गेला असाल ना?"

"नाही हो. जमलंच नाही. कल्पनाशक्ती."

खाली गाडीत बसल्यावर शिरीषने सुस्कारा सोडला. "खलास. डायरी पक्की आहे. मी सही करतो."

"कर की. पण आधी वहिनींकडचा चहा पिऊ."

मैनावहिनी तेंडोलकर दार उघडतानाच बोलू लागल्या. त्यांना उर्वीचा प्रकार ठाऊक होता आणि आवडलेला नव्हता, पण नवऱ्याविरुद्ध बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्या फक्त सगळे सांगत.

"लिहितात ना! लग्नापासून लिहायचं म्हणतात. टेबल घेतलं, दिवा घेतला. खुर्ची तीनदा बदलली, पाठ दुखते म्हणून."

"सुट्टीच्या दिवशी लिहीत असतील," हुसैनमियाँ म्हणाले.

"सुट्टीला कुठलं? सुट्टीची सकाळ मत्राहच्या मासळीबाजारात. पूर्वी गुरुवारी जायचो, आता शनिवारी जातो, पण चुकवत नाहीत. सुरमई स्वतः निवडणार. दुपारी जेवून जे झोपतात ते पाचला उठतात." मग त्यांना आपण काहीतरी जास्त बोललो असे वाटले. "पण लिहितही असतील. मी काय सारखी बघते?"

साडेचार वाजता धनंजय खानविलकरांचा फोन आला. त्यांचा आवाज स्पीकरशिवायही गाडीभर ऐकू येई.

"शिरीष, पत्र आज झालं पाहिजे! सात वाजता कार्यकारिणी. त्या मुलीलाही बोलव, तिचं म्हणणं ऐकून घेऊ आणि पत्र देऊन टाकू."

"उद्या ऑफिस आहे साहेब, लोक कुरकुरतायत. या सभा शुक्रवारी ठेवल्या असत्या तर..."

"घटनेत बुधवार आहे! १९८९पासून बुधवार आहे!" फोन बंद झाला.

"बुधवारच का?" हुसैनमियाँनी विचारले.

"परंपरा," शिरीष म्हणाला. तो मस्कतला आला २०१४मध्ये. तोवर परंपरा तयार होती.

सात वाजता कार्यकारिणीचे नऊजण जमले. एकनाथराव डायरी घेऊन पुढे बसले, मैनावहिनी त्यांच्या बाजूला. उर्वी शेवटच्या रांगेत, हातांची बोटे एकमेकांत अडकवून.

"मुली," धनंजयराव म्हणाले, "तुझ्याकडे पुरावा काय?"

"मी लिहिली, हाच," उर्वी म्हणाली. "अंकल, मी दुसरी नाही लिहू शकणार. चार वर्षं लागली मला. सगळे मराठी शब्द मी यातच वापरले."

कोणीतरी हसले. शिरीषला मात्र पत्राचा कागद एकदम हातात जड वाटू लागला.

हुसैनमियाँ उठले. "अध्यक्षसाहेब, एक शंका. सभा बुधवारी का असते?"

"हा काय प्रश्न झाला? घटनेत आहे."

"घटना लिहिणाऱ्यांनी बुधवार का निवडला असेल? दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना?"

कोणाला सांगता येईना. नऊजणांपैकी सातजण २०१४मध्ये किंवा त्यानंतर आलेले होते आणि धनंजयरावांनी घटना राखली होती, वाचली नव्हती. शेवटी मैनावहिनीच सहज म्हणाल्या, "अहो, तेव्हा गुरुवारी सुट्टी असायची ना. गुरुवार-शुक्रवार. बुधवारी रात्री उशीर झाला तरी चालायचं."

"बरोबर. आणि शनिवारी?"

"शनिवारी ऑफिस. आता शुक्रवार-शनिवार झालं ते..." वहिनी बोलता बोलता थांबल्या.

"कधी झालं, वहिनी?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाल्या, "दोन हजार तेराच्या मे महिन्यात."

शिरीषने झटक्यात फोन काढला आणि तपासले. या वेळी त्याला काय तपासायचे ते ठाऊक होते.

हुसैनमियाँनी डायरी उचलली. "विम्याच्या दाव्यात माणूस जिथे जपून लिहितो तिथे कधी सापडत नाही. एकनाथराव इंजिनिअर. कोरी जुनी डायरी घेतली, वार-तारखा छापलेल्याच होत्या. शाईसुद्धा जुन्या वळणाची घेतली असेल, मला त्यातलं कळत नाही. पण सुट्टी कोणी तपासून लिहितं का? सुट्टी अंगात मुरलेली असते. पाच वर्षं शनिवारी मासळी आणली, की माणसाला वाटतं शनिवारी सुट्टी पहिल्यापासूनच होती. ही डायरी सांगते, ११ फेब्रुवारी २०१२, शनिवार, सुट्टी. त्या शनिवारी मंत्रालय उघडं होतं. मंत्रालय उघडं तर हे उघडे, आणि रजा एकही नाही. हे यांनीच सांगितलं. उलट २३ तारखेला, गुरुवारी, हे दिवसभर ऑफिसात साहेबांसोबत. त्या दिवशी मंत्रालयाला कुलूप होतं आणि हे वहिनींबरोबर सुरमई निवडत होते."

"एखाद्या वेळी चुकून..." धनंजयराव म्हणाले.

"वर्षभर, साहेब. मी सगळी पानं पाहिली. एकाही गुरुवारी सुट्टी नाही. डायरी २०१३नंतर लिहिली. मग २०१२ला काय लिहिलं होतं? काहीच नाही. उरल्या सहा वह्या." ते एकनाथरावांकडे वळले. "आणि ज्याने ते झाड पाहिलंय त्याला ठाऊक असतं, की पहिला चीक घाण असतो म्हणून फेकतात. तुम्ही त्यात त्याग पाहिलात. हे वाचणाऱ्याचं लक्षण आहे, लिहिणाऱ्याचं नाही."

एकनाथरावांनी हुसैनमियाँच्या हातातून डायरी घेऊन मिटली. मग अगदी हळू म्हणाले, "वह्या हरवल्या नाहीत. पलंगाखालच्या सुटकेसमध्ये आहेत. फाडायला घेतल्या होत्या, हात धजावला नाही." ते उर्वीकडे वळले, पण मान वर न करता. "बावीस वर्षं टेबलाशी बसलो मी. एक पान उतरलं नाही. तुझ्या वह्या तपासायला घेतल्या आणि एका बैठकीत संपवल्या. वाटलं, हे मी लिहायला हवं होतं. मग हळूहळू वाटायला लागलं, मीच लिहिलंय." मग जरा ताठ होऊन, "ऱ्हस्वदीर्घ मात्र सगळे माझे आहेत."

"ते ठेवते, काका," उर्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "माझ्या स्टोरीत प्रिन्स काकाला मारत नाही. त्याला सगळ्यांसमोर मुकुट खाली ठेवायला सांगतो. एवढंच."

एकनाथरावांनी डायरी टेबलावर ठेवली. मैनावहिनी चावी घेऊन उठल्या आणि चाळीस मिनिटांनी सुटकेससह परतल्या. सहा वह्या, शाळेची लेबले, प्रत्येकीवर उर्वीचे वळणदार, जपून काढलेले नाव.

शिरीषने पत्रातले लेखकाचे नाव खोडून नवे लिहिले, सही केली आणि धनंजयरावांनी हरकत घेण्याआधी फोटो काढून पुण्याला पाठवला.

एप्रिलमध्ये पुस्तक आले. मुखपृष्ठावर उर्वी मयेकर हे नाव ठळक होते. मंडळाने प्रकाशन थाटात केले, धनंजयरावांनी पन्नास मिनिटे भाषण केले, आणि मस्कतमधल्या बहुतेक मराठी घरांत पुस्तक पोचले. लेखिका सोडली, तर ते शेवटपर्यंत वाचलेला माणूस त्या शहरात आजवर एकच आहे. एकनाथ तेंडोलकर.