ताईचा स्वेटर उसवला तेव्हा

मी आयुष्यभर लहान मुलांना चित्रकला शिकवली. पोरांना भीती घालायला कधी खोटी गोष्ट सांगितली नाही. तुम्हालाही सांगणार नाही. हे माझ्याच घरच्यांच्या बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

ऐन हिवाळ्यातला एक रविवार. जागा म्हणजे बंद पडलेला जुना छापखाना. तिथे निरनिराळ्या देशांतले कलाकार काही आठवडे एकत्र राहून काम करत होते. विषय होता, 'आपली ओळख'. प्रत्येकाने घरची एक वस्तू आणायची आणि तिच्यातून स्वतःची ओळख मांडायची.

माझी भाची त्यांच्यातली एक. तिची पाच वर्षांची मुलगी, आमची बिट्टी, सांभाळायला मी सोबत गेलो होतो.

भाचीने तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा स्वेटर आणला होता. तपकिरी, ताईने स्वतः विणलेला. डाव्या बाहीच्या काठाला ताई एक टाका मुद्दाम उलटा घालायची. "हजारांत ओळखीन माझं काम," म्हणायची.

शेवटी दवाखान्यात ताई सारखी कुडकुडायची. एकच धोशा लावला होता, "माझा स्वेटर दे गं."

"सापडत नाहीये, आई," भाची म्हणायची.

तो तिच्या बॅगेत होता. छापखान्यात तिची निवड झालेली होती, आणि स्वेटरला औषधाचे डाग पडायला नको होते. हे तिनेच मला नंतर सांगितलं. अगदी सहज.

ताई तशीच गेली. गारठून.

त्या रविवारी दुपारी काम बघायला लोक जमले. भाची खुर्चीत बसली आणि सगळ्यांसमोर स्वेटर उसवू लागली. "आईने दिलेली ओळख मी धाग्याधाग्याने सोडतेय," ती म्हणाली. लोक माना डोलवत होते.

मला राहवेना. "अगं, वर्षभर खपून विणलाय तो ताईने," मी कुजबुजलो.

"मामा, इथे तरी मास्तरकी नको."

बिट्टी माझ्याजवळ बसून चित्र रंगवत होती. तिने हातातला खडू खाली ठेवला.

"आजोबा, आजीला थंडी वाजतेय."

"कुठे आहे आजी?"

तिने बोट दाखवलं... आईच्या खुर्चीच्या मागे.

तिथे कुणीच नव्हतं.

टाळ्या झाल्या. पूर्ण उसवलेल्या लोकरीचा गुंडा स्टुलावर ठेवून सगळे शेजारच्या खोलीत चहाला गेले. मीही दोन कप आणायला उठलो. बिट्टी रंगवण्यात गुंग होती.

तेवढ्यात...

टक... टक... टक...

सुयांचा आवाज. माझं बालपण त्या आवाजात गेलंय. तो मला चुकणार नाही.

मी परत फिरलो. स्टूल रिकामं होतं. बिट्टी भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही हात वर. कुणी अंगात कपडा घालताना मुलं करतात ना, तसे.

तिच्या अंगात स्वेटर होता. तपकिरी. तिच्या मापाचा.

मी डावी बाही पाहिली... एक टाका उलटा होता.

"कुणी घातला गं?"

"आजीने. आता तिला थंडी वाजत नाही."

भाची धावत आली. तिने स्वेटर ओढला, पण तो डोक्यातून निघेना. मग तिने डाव्या बाहीचा धागा पकडला आणि खेचला. एक ओळ उसवली.

बिट्टी रडली नाही. फक्त म्हणाली, "गार लागतंय."

तिच्या डाव्या हाताची बोटं निळी पडली होती.

त्यातली दोन बोटं पुन्हा कधी हलली नाहीत. बिट्टी डावखुरी आहे. चित्रं त्याच हाताने काढायची.

दवाखान्यात स्वेटरला कात्री लावली, तर तिचा श्वासच अडकला. डॉक्टरांनी कात्री बाजूला ठेवली. पुन्हा कुणी हात लावला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भाचीचं ते काम पुढे देशोदेशी गाजलं. रिकामी खुर्ची आणि रिकामं स्टूल बघायला लोक रांगा लावतात. बिट्टी उंच झाली. स्वेटर मात्र कधी आखूड झाला नाही.

आमच्या घरात कुणालाही विणता येत नाही. तरी दुपारी घर शांत झालं की...

टक... टक...

आता स्वेटरची गळपट्टी वाढतेय. आधी गळ्याशी होती, मग हनुवटीला टेकली.

भाची रोज बिट्टीसमोर गुडघे टेकते. "आई, माझी मुलगी दे गं," म्हणते.

बिट्टी शांतपणे उत्तर देते, "सापडत नाहीये."

हे शब्द तिला कुणी सांगितलेले नाहीत. मी तर नाहीच.

काल गळपट्टी तिच्या खालच्या ओठाला लागली. चित्रकला मी बाजूला ठेवलीय. सध्या तिला तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायला शिकवतोय. सावकाश, न घाबरता. हुशार आहे, लवकर शिकेल.

पण त्यानंतर काय शिकवायचं, ते मला सुचत नाही...