चौथा कोपरा

"ओ, चोर!"

ही रुपालीनं त्याला मारलेली पहिली हाक.

लिंबाच्या खोडावरची पोस्टाची लाल पेटी एक माणूस पान्यानं सोडवत होता. शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी घेऊन होटगीच्या रस्त्यानं निघालेली रुपाली तिथंच थबकली होती.

"चोर न्हाय ओ, पोस्टाचा माणूस हाय." तो वळला. घामेजलेला, भुवईला गंज लागलेला. "चोर काय करणार हिचं? भंगारवालाबी नाक मुरडतोय."

"मग काढताय कशाला? चालू पेटी हाय की!"

"चालू?" पेटीवर कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिरका बांधलेला होता. त्यानं तो ओढून काढला. खाली पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं – बंद. "लई दिवस झाले बंद होऊन."

रुपालीनं पिशवी खाली ठेवली. भावी सरपंचाच्या हसऱ्या गालाखाली पेटीचं तोंड तेवढं उघडं राहिलं होतं... आणि त्याच तोंडात महिन्यापूर्वी तिनं कार्ड टाकलं होतं.

"उघडा," ती म्हणाली.

कुलूप गंजून गेलेलं. पान्याचे दोन घाव बसले, दार लटकलं. वाळका पाला, मुंगळे, गोळीचा चुरगळलेला कागद आणि एक पोस्टकार्ड बाहेर पडलं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं.

"कोण?"

"वडील."

कार्ड वच्छलाआत्याला लिहिलं होतं. रुपालीचे वडील रावजी, त्यांची ही एकुलती बहीण. नातेपुत्याच्या पुढं वस्तीवर एकटीच राहायची. बहीणभावाचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की भांडण कशावरून झालं हेही दोघांना धड आठवत नसावं. अबोला मात्र दोघांनी नेटानं सांभाळला. बाकीच्यांना फोन गेले. आत्याकडे फोन नव्हता आणि नजरही गेलेली. शेजारीपाजारी कुणी वाचून दाखवील, म्हणून आईनं कार्ड लिहायला लावलं. कोपरा तिनंच फाडला.

दहाव्याला आत्या आली नाही. पिंडाला कावळाही शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भाताला मुंग्या लागल्या, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन आई म्हणाली, "भाऊ मेला तरी आली न्हाय. आता ती मला मेली."

आणि आत्याला तर कळलंच नव्हतं.

"आजच्या टपालात टाकतो," तो म्हणाला.

"नको. कुणी परक्यानं वाचून दाखवायचं... मीच जाते."

त्यानं पत्ता पाहिला. "नातेपुतं? माझं गाव तिकडंच. शनिवारी जातोय एस्टीनं. म्हणजे... तुमी तुमच्या सीटवर, मी माझ्या."

"मी काय मांडीवर बसते म्हटलं काय?"

तो पेटीसारखाच लाल झाला.

शनिवारी त्यानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि खिडकी तिला दिली. त्याचं नाव अभिमन्यू.

"चक्रव्यूहात शिरता येतंय, बाहेर पडता येत न्हाय. आमच्या खात्यात तसंच हाय," तो म्हणाला.

"आणि लगीन?"

"स्थळं लई धाडली आईनं. पत्ता सापडला न्हाय म्हणून परत आली सगळी."

रुपाली हसली... आणि लगेच गप्प झाली. मांडीवर बापाचं कार्ड होतं. बाप जाऊन महिना झालेला आणि आपण खिडकीत बसून दात काढतोय.

दोन थांबे गेले. मग तो म्हणाला, "धागा हाय... खांद्यावर."

"मग काढा की."

त्यानं दोन बोटांनी तो निळा धागा उचलला. खिडकीबाहेर टाकेल असं तिला वाटलं होतं. त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला.

आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पावलं ऐकून मान वर केली.

"कोन हाय?"

"मी रुपाली, आत्या. रावजींची."

"अगं माझी बाय!" शेंगा उधळल्या. आत्याचे हात हवेतच तिचा चेहरा शोधू लागले. "दादानं धाडलं व्हय तुला? विरघळला म्हणायचा म्हातारा! बरा हाय न्हवं?"

रुपालीनं पिशवीतलं कार्ड बाहेर काढलं. तिनं अभिमन्यूकडं पाहिलं. तो एक पाऊल पुढं आला... आणि थांबला. हे टपाल त्याचं नव्हतं.

रुपालीनं कार्ड आत्याच्या हातात ठेवलं.

आत्याचा अंगठा कडेवरून फिरला. पहिला कोपरा. दुसरा. तिसरा. चौथ्या जागी अंगठा हवेतच गेला. तो परत आला, पुन्हा चाचपला. मग तिथंच थांबला.

कोंबडी येऊन सांडलेल्या शेंगा टोचू लागली. तिला कुणी हाकललं नाही.

"कावळा शिवला?" आत्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं.

"न्हाय आत्या. दुपारपातुर तुमची वाट बघितली तुमच्या दादानं."

आत्या आधी हसली, मग तिचा हुंदका फुटला. "मेला...! ल्हानपनीबी तसाच. मी आल्याबिगर ताटाला हात लावत नव्हता."

तिनं भाकरीचा तुकडा मागून घेतला आणि चाचपडत भिंतीवर ठेवला. तिघंही वाट बघत बसली. कावळा काही आला नाही. येईल कुठनं? झाडं ठेवलीत कुणी?

परतीच्या एस्टीसाठी फाट्यावर उभं असताना अभिमन्यूनं खिशातून कोरं पोस्टकार्ड काढलं. त्याच्या गावचा पत्ता आधीच लिहिलेला.

"मला बोलता येत न्हाय नीट. मनात नसंल तर... कोपरा फाडून धाडा. मी समजून जाईन."

"आणि असंल तर?"

"तर फाडू नका."

"टाकू कुठं? पेटी तर तुमीच काढून नेली." ती थांबली. "घरात वर्ष पाळायचं हाय. हळदीचं नावबी काढता येणार न्हाय."

"पोस्टातला माणूस हाय मी," तो म्हणाला. "उशिराची सवय हाय."

कार्ड शिलाई मशीनच्या खणात पडून राहिलं. रुपालीनं आईला सगळं सांगितलं. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पिकं निघाली की जाऊ तिच्याकडं," एवढंच म्हणाली.

पिकं निघायच्या आधीच वस्तीवरच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती.

दहाव्याला आई आली, आणि रडली. जिवंतपणी ज्या घराचं नाव टाकलं, त्याच घराच्या ओट्यावर कपाळ टेकून रडली. ओढ्याकाठी पिंड ठेवून माणसं मागं सरतायत तोवर कावळा उतरला. "भावानं वाट मोकळी केली," कुणीतरी म्हणालं. आईनं डोळ्याला पदर लावला.

अभिमन्यू बाभळीखाली उभा होता. आत्याला खांदा दिलेल्या चौघांतला तो एक. रुपाली त्याच्याकडं गेली. पिशवीतून कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं.

त्यानं ते घेतलं, पण पाहिलं नाही. डोळे मिटले... आणि अंगठा कडेवरून फिरवू लागला. पहिला. दुसरा. तिसरा.

चौथ्याच्या अलीकडं अंगठा थांबला. त्याची हिंमत होईना.

"पुढं जावा की," रुपाली म्हणाली.