डावखुरीसाठी केलेलं घड्याळ

घड्याळजी बाहेर पडले होते ते पट्ट्याला बकल आणायला. काम एवढंसंच. पण येताना पाय सवयीने मोठ्या दुकानाच्या काचेसमोर थांबले. आत मखमलीवर तेच घड्याळ होतं. पातळ, सोनेरी कडेचं, सायीच्या रंगाच्या तबकडीचं. बायको होती तेव्हा दर वेळी इथे थांबायची.

"अहो, यात वेळ बघायलाच नको. नुसतं घालून बसावं."

"विकत कशाला? घरी करून देतो की."

"द्याल! जगाची घड्याळं चालवता आणि बायकोला वेळ विचारायला शेजारी पाठवता."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता बाई आजारी पडली, वाळत गेली आणि गेलीही. आता घड्याळजींना वेळच वेळ होता, आणि घर खायला उठत होतं. म्हणून त्यांनी घड्याळ करायला घेतलं होतं, आणि आजचं बकल त्याच्याच पट्ट्यासाठी होतं.

पितळेची केस कानशीने घासून घासून नखाएवढी पातळ केली, वर सोन्याचं पाणी चढवलं. काटे पोलादाच्या पट्टीतून कापले आणि दिव्याच्या ज्योतीवर निळे होईपर्यंत तापवले. क्षणभर नजर हलली की राखाडी होतात, तशी एक जोडी वाया गेली. आत एका जुन्या लेडीज घड्याळाचं यंत्र बसवलं, रोज किल्ली द्यावी लागणारं. पट्टा कापला तो तिच्याच जुन्या पर्सच्या चामड्यातून. शेवटी तिचं मनगट काडी झालं होतं, तेव्हा पहिलं भोक त्या मापाचं पाडलं, मग चांगल्या दिवसांतल्या मापापर्यंत पाडत गेले. त्यापुढचं एक नुसतं शोभेसाठी.

घड्याळाला एकच खोड राहिली. आडवं ठेवलं तर अगदी बिनचूक चाले. किल्लीचं बटण खाली करून टांगलं तर मागे पडे आणि बटण वर केलं तर पुढे धावे. घड्याळजींनी ते तिच्या उशाच्या टेबलावर बशीत आडवं ठेवलं, किल्ली दिली आणि ते झोपले.

सकाळी घड्याळ पुढे गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. घड्याळजी भिंग लावून बसले आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. आडवं घड्याळ पुढे जाणार नाही. जाईल ते कुणी उजव्या मनगटावर बांधून हात खाली सोडला तरच. तेव्हा बटण कोपराच्या बाजूला, म्हणजे वर येतं. सगळं जग घड्याळ डाव्या हाताला बांधतं. ती डावखुरी होती, उजव्या हाताला बांधायची.

पट्ट्यावर बकलाचा वळ उमटला होता. पहिल्याच भोकापाशी, काडीच्या मापाचा.

त्यांना भीती वाटायला हवी होती. पण ते लहान मुलासारखे रडले, आणि त्या संध्याकाळी किल्ली देताना हळूच म्हणाले, "घाल हं. तुझंच आहे." एकटेपणा माणसाला काय काय गोड मानून घ्यायला लावतो!

वळ पुढे सरकत गेला. दुसरं भोक, मग तिसरं. ती भरत होती! घड्याळजींचं स्वतःचं घड्याळ मात्र हातात सैल होऊन कोपराकडे घसरू लागलं. त्यांनी आपल्या पट्ट्याला आतल्या बाजूने नवं भोक पाडलं, मग आणखी एक.

"दादा, अंगावर मूठभर मांस उरलं नाही रे," डबा घेऊन येणारी धाकटी बहीण म्हणायची. "जेवतोस ना?"

"जेवतो गं." बायकोच्या अंगी लागत असेल तर लागू दे, असं त्यांना मनोमन वाटे.

मग एका सकाळी घड्याळ मागे पडलेलं सापडलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मागेच. बटण खाली... म्हणजे डावं मनगट. आणि वळ होता शोभेच्या भोकापाशी. एवढं मनगट तिचं कधीच नव्हतं. मग कुणाचं?... घड्याळजींनी आपल्या हातातलं घड्याळ सोडलं आणि दोन्ही पट्टे शेजारी ठेवले. त्यांच्या पट्ट्यावर जुना वळ होता, ते धडधाकट होते तेव्हाचा. दोन्ही वळ एका रेषेत आले.

इतके दिवस आपण कुणाला "घाल" म्हणत होतो? यंत्र आत्ताच्या आत्ता उपसून टाकायचं ठरवून ते आतल्या खोलीतून हत्यारं घेऊन आले.

बशी रिकामी होती. त्यांचं जुनं घड्याळ तेवढं शेजारी पडलेलं.

दारात किल्ली फिरली. बहीण डबा घेऊन आत आली, आणि त्यांना पाहून जागीच थबकली.

"दादा... तू इथे?"

"मग कुठे असणार?"

"आत्ता जिन्यात भेटलास ना..." तिची नजर त्यांच्या रिकाम्या, वाळक्या मनगटावर गेली. "किती दिवसांनी हात भरलेला दिसला तुझा, मला इतकं बरं वाटलं... वहिनीचं घड्याळही घातलं होतंस. मी हाक मारली, तर हसून म्हणालास, 'वर जाऊन बस, मी आलोच.'"