सत्तेचाळीस नंबरची बरणी

"संगमेश, इकडे ये! या बरणीत आपला चमच्या नाही!"

पूर्णिमाचा आवाज ऐकून संगमेश आणि सम्राट धावतच आले. १९९८ सालची मेची सुट्टी होती. कोल्हापुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात ही तिघं रोज सकाळी स्पिरिटमध्ये ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या लावायला येत. निवृत्त झालेल्या गणपतराव सरांनी त्यांना हे काम दिलं होतं.

सत्तेचाळीस नंबरच्या बरणीत सरांचा जीव अडकलेला! सत्तावीस वर्षांपूर्वी मालवणच्या चिखलात त्यांना एक हिरवा समुद्री किडा सापडला होता. गुळगुळीत अंग आणि टोकाशी दुभंगलेली, चमच्यासारखी लांब सोंड. तसला किडा त्यांना पुन्हा कधी दिसला नाही. कुठल्या पुस्तकातही त्याचं चित्र मिळालं नाही. मुलांनी त्याचं नाव 'चमच्या' ठेवलं होतं. शनिवारी कारवारहून समुद्री प्राण्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर शांतादेवी खास त्याला बघायला येणार होत्या.

"सोंड गळून पडली असेल!" सम्राट म्हणाला.

"आणि अंगावर वळ्या कुठून आल्या? हे साधं गांडूळ आहे, शहाण्या!" पूर्णिमानं त्याला झापलं.

संगमेशनं बरणीला हात लावला. "चिठ्ठीचा डिंक अजून ओलसर आहे. काल भिंतींना चुना लावला, तेव्हाच कुणीतरी अदलाबदल केली."

"सरांना सांगू या. दोन गल्ल्या सोडून तर राहतात," पूर्णिमा म्हणाली.

"वेडी आहेस का? मोठ्यांना सांगितलं की ते आपल्याला बाजूला सारणार! चोर आपण पकडायचा!" सम्राटचे डोळे चमकत होते. "आणि उद्या तर पन्हाळा ठरलाय. परवा बघू!"

पूर्णिमा क्षणभर घुटमळली. मग तिलाही मोह झाला. "बरं, परवा," ती म्हणाली.

बुधवारी पन्हाळ्यावर त्यांनी खूप मजा केली. तबक बागेत बसून चोर पकडायचा बेतही आखला.

गुरुवारी प्रयोगशाळेचे शिपाई कृष्णातमामा झाडू मारत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सम्राट म्हणाला, "बाप रे! त्या सत्तेचाळीस नंबरच्या किड्याच्या अंगावर विष होतं म्हणे! ज्यानं हात लावला, त्याच्या हाताची कातडी आठवड्याभरात सोलून निघते!"

झाडू खाली पडला!

"आरं देवा! दोन्ही हातांनी उचललाय की म्या!"

तिघांनी मामांना घेरलं. मामा मटकन स्टुलावर बसले. "शिडी लागली आन् बरणी फुटली बघा. नोकरी जाईल म्हनून भ्यालो. बागेतलं गांडूळ घातलं."

"मग चमच्या कुठंय?"

"टाकला न्हाय, देवाशपथ! बाटलीत घालून ठेवलाय. स्पिरिटच्या कपाटाला कुलूप हाय, म्हनून नळाचं पानी घातलं."

मागच्या खिडकीत, भर उन्हात ती बाटली होती. पाणी गढूळलं होतं. झाकण उघडताच असा वास आला, की सम्राटनं तोंड फिरवलं. पूर्णिमा मात्र तशीच धावत सुटली आणि सरांना घेऊन आली. सरांनी कपाटाचं कुलूप उघडून बाटलीत स्पिरिट ओतलं. हातभर सोंडेतला बोटभर तुकडाच काय तो शाबूत राहिला होता.

शनिवारी शांतादेवींनी तो तुकडा भिंगाखाली बराच वेळ पाहिला. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"प्राणी दुर्मीळ आहे सर, एवढं नक्की. पण शरीरच नाही, त्यामुळे नवी जात म्हणून याला नाव देता येणार नाही. एखादा दिवस पाण्यात राहिला असता, तर फारसं बिघडलं नसतं. तीन दिवस म्हणजे फार झाले."

एखादा दिवस! पूर्णिमानं सम्राटकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

"पण या मुलांनी शोधलं नसतं तर एवढंही हाती लागलं नसतं!" सर म्हणाले. "शाबास रे! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

शांतादेवींनीही टाळ्या वाजवल्या. पूर्णिमाला त्या ऐकवेनात.

"सर, आम्हाला मंगळवारीच कळलं होतं," ती एकदम म्हणाली. "चोर आम्हालाच पकडायचा होता. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. आम्ही पन्हाळ्याला गेलो."

दाराशी उभ्या असलेल्या कृष्णातमामांनी डोळे पुसले.

"मी सत्तावीस वर्षं त्याला बरणीत ठेवला," सर सावकाश म्हणाले. "कुणी तज्ज्ञानं बघायला मागितला की म्हणायचो, आधी मी अभ्यास पूर्ण करतो. तो माझाच राहावा असं वाटायचं. तुमचे दोनच दिवस गेले, पोरांनो."

त्यांनी पूर्णिमाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबासकी मी परत घेत नाही. आत्ता खरं बोललीस, त्याचीही तीत भर घाल."

पूर्णिमानं मान हलवली. पण तिला रडू आवरलं नाही, आणि त्या दिवशी तिला कुणी 'रडू नकोस' असं म्हटलंही नाही.